खळ्यावरचा सराव

गेल्या येळवशीला गावी गेलो तेव्हा सोबत एकच काठी नेली होती. बाकीच्या सगळ्या तिकडं उत्तरेतच, राहत्या खोलीत दाराआड उभ्या करून आलो. आमच्या खेळात चेंडू लांब धाडायच्या काठ्या वेगळ्या आणि शेवटी भोकात ढकलायची काठी वेगळी. तिला पटर म्हणतात. लांबचं मारणं माझं अजून बरं होतं. बिघडलं होतं ते ढकलणं.

बिघडलं होतं म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो. समोर सपाट गवत, भोक हातभर लांब, शेंबडं पोरसुद्धा घालील असा चेंडू. मी पटर मागं घ्यायचो आणि उजवा हात मनगटापाशी आपोआप झटका द्यायचा. कापायचा. चेंडू भोकाच्या कडेनं पुढं निघून जायचा आणि मी काही झालंच नाही असा चेहरा करून त्याच्या मागं चालायचो. वर्षभर हेच. त्यात वर्ष संपताना माझं कार्ड गेलं. कार्ड म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांमध्ये खेळायचा परवाना. ते परत मिळवायचं तर जानेवारीत गुजरातेत पात्रता फेरी असते, तिथं देशभरातले सगळे येतात. वरच्या काही जणांना कार्ड मिळतं, उरलेले घरी जातात. माझं वय चाळिशीपार, शिक्षण नववी नापास. खेळ गेला तर मला दुसरं काय येतं? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीच रोज दाढी करताना स्वतःला विचारायचो.

हात कापतो हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं, कंबर धरलीय. माझी बॅग उचलणाऱ्या कॅडीला सांगितलं, पटर जुना झालाय. नवा पटर घेतला, तर तोही बरोबर नाही म्हणून सांगितलं.

अशात अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "औंदा तरी येळवशीला ये की रं. अव्वा लई वाट बघायलीय." मी येतो म्हणालो. खरं म्हणजे मला पळून जायचं होतं.

सोलापूर स्टेशनवर दाजी मोटारसायकल घेऊन आले होते. दाजी म्हणजे अक्काचे मालक. अप्पा, म्हणजे वडील, गेल्यापासून आमची जमीन तेच कसतात. माझ्या पाठीवरच्या कापडी म्यानातला पटर बघून म्हणाले, "एकच आणलीय? बाकीच्या काठ्या इकल्या का काय?"

"न्हाय दाजी. एकच लागतीय हितं."

"बरं झालं. गाडीवर बसायला जागा तरी हाय."

अक्कलकोट रोडला लागलो, वळसंग मागं पडलं आणि डाव्या हाताला आमचा कच्चा रस्ता आला. दोन्ही बाजूंना पोटरीतली ज्वारी उभी. थंडीतल्या उन्हात तिची पानं एकमेकींवर घासली की जो आवाज होतो, तो मी तिकडं उत्तरेत कधी ऐकला नाही. तिकडं धुकं असतं. धुक्यात चेंडू मारला की तो कुठं पडला ते नुसत्या आवाजावरून ओळखायचं. इथं कसं, वरपासून खालपर्यंत सगळं उघडं. काळी जमीन, वर आभाळ, मधे कुठं लपायची सोय नाही. मोटारसायकलवर मागं बसून मला एकदम बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या दक्षिणेकडच्या गावांत त्या दिवशी घराला कुलूप आणि सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग शिवारभर आंबील शिंपडत फिरायचं. नंतर जेवण. भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, गाडग्यातली गार आंबील. बांधावरून कुणीही जात असला तरी त्याला हाक मारून बसवायचं हा नियम. लहानपणी मी अशा हाका मारण्यात पटाईत होतो. एकदा सायकलवरून चाललेल्या पोस्टमनला मी जेवायला ओढून आणला होता, आणि तो बिचारा आमच्या आधी चार शेतांत जेवून आलेला. तरी अव्वानं त्याला वाढलंच. तो म्हणाला, "अव्वा, आता जागा न्हाय." अव्वा म्हणाली, "आंबील प्यायला जागा लागतीय व्हय?"

अव्वा म्हणजे आई. आमच्या घरात निम्मं बोलणं कन्नडात, निम्मं मराठीत. राग कन्नडात, हिशेब मराठीत, आणि माया दोन्हीत मिसळून, अशी तिची पद्धत. आता ती वाकलीय. पण कोपीतल्या पांडवांना चुना तिनंच लावला. मी बोटानं मदत करायला गेलो तर म्हणाली, "बिडु." म्हणजे सोड. "तू पाव्हणा हायस."

पाव्हणा. मला ते लागलं, पण खरंच होतं.

जेवताना शेजारच्या बांधावरचे लोक येऊन बसले. मला बघून त्यांना मजा वाटते. क्रिकेटवाला असतो तर काय विचारायचं ते त्यांना माहीत असतं. गोल्फवाल्याला काय विचारायचं? एक म्हातारबा दर वेळी तोच प्रश्न विचारतात, "त्यात पळावं लागतं का?" मी म्हणतो, "न्हाय बाबा, चालायचं." मग ते भोवतालच्यांकडं वळून म्हणतात, "बघा. चालायचा खेळ. आपण जल्मभर चालतोय, आपल्याला कोण इचारंना."

दाजी म्हणाले, "औंदा टीव्हीवर न्हाय दिसलास."

"येतंय कधीमधी."

"आमी लावून बसतोय की. दोनदा बघितलं, हिरवंगार रान दिसलं, माणसं दिसली, तू काय दिसला न्हाईस."

मी भज्जीत उंडा कालवत राहिलो. शेवटच्या दिवशी जे पुढं असतात त्यांनाच टीव्हीवर दाखवतात, आणि मी औंदा शेवटच्या दिवसापर्यंत क्वचितच पोचलो होतो. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

येळवस झाली की दुसऱ्याच दिवशी मी निघायचं ठरवलं होतं. पण अव्वानं तूर काढली.

म्हणजे तूर आधीच कापून शेतात वाळत पडली होती. दाजींचं म्हणणं, मशीन बोलवायचं, तासाभरात दाणे पोत्यात. अव्वा म्हणाली, "तुरी हायत केवढ्या? त्याला मशीन कशाला? खळं करू. हे आलंय तवर."

"हे" म्हणजे मी.

"अव्वा, खळं करून किती वरसं झाली," अक्का म्हणाली. "तिवडा तरी हाय का जाग्यावर?"

"हाय. गोठ्यात आढ्याला बांधून ठेवलाय."

मला वाटलं होतं तिवडा कधीच चुलीत गेला असेल. जुन्या वाचकांना हे सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगतो. खळं म्हणजे शेतातलं मळणीचं अंगण. गोल. त्याच्या बरोबर मधोमध एक खांब रोवतात, तो तिवडा. पूर्वी त्याला बैल बांधून कणसांवर गोल गोल फिरवायचे. आता मळणी यंत्रं आली, खळी गेली. पोरांना खळं दाखवायचं तर कुठं दाखवणार?

खळं करायला दोन दिवस लागले. आधी कुदळीनं ढेकळं फोडून जागा सारखी केली. मग पाणी मारून भिजू दिली. अर्धवट वाळल्यावर वर भुसा पसरून आम्ही सगळ्यांनी पायांनी तुडवली. अव्वा कडेला बसून सांगत होती, "तितं खड्डा हाय. तितं तुडव." मग चोपण्यानं चोपायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं. शेवटी शेणकाल्यानं सारवून ती ऊन खायला सोडून द्यायची. माझ्या पोटऱ्या-मांड्या भरून आल्या. रोज व्यायामशाळेत जाणारा माणूस मी, पण हा व्यायाम वेगळाच. संध्याकाळी खळं वाळलं. तळहात फिरवून बघितला. कुठं खडा नाही, कुठं चढउतार नाही. मधोमध तिवडा.

आणि मला मामाची आठवण झाली.

मामा, म्हणजे अव्वाचा भाऊ, पुण्याकडं एका गोल्फच्या मैदानावर माळी होता. मी नववीत गणितात गेलो तेव्हा अप्पांनी काही म्हटलं नाही, पण मला माहीत होतं, पुन्हा शाळेत बसायची माझ्यात ताकद नाही. मामा सुट्टीवर आला होता. म्हणाला, "चार महिने माज्यासंगं येऊ दे. पाणी मारायला माणूस पायजे." ते चार महिने अजून संपले नाहीत.

पहिल्या दिवशी मामा मला मैदान दाखवायला घेऊन गेला. मी एवढं गवत एका जागी कधी बघितलं नव्हतं, आणि खाणारं जनावर एकही नाही. मग आम्ही एका गोल, गुळगुळीत जागेपाशी आलो. तिथं गवत इतकं बारीक कापलेलं की सारवल्यासारखं. आणि मधोमध एक काठी रोवलेली. मला दुसरं काय वाटणार? मी कडेला थांबलो, चपला काढल्या, नमस्कार केला आणि मग आत पाऊल टाकलं. आमच्याकडं खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. खळं म्हणजे लक्ष्मी. लहान पोरालाही ते सांगावं लागत नाही.

तेवढ्यात एक साहेब आले. टोपी, हातमोजा, आणि पायात तळाला खिळे लावलेले बूट. ते तसेच सरळ त्या गोलात शिरले. खिळ्यांचे टचटच ठसे उमटत गेले. मी ओरडलो, "ओ! पायताण काढा की!"

मामाचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं, मग आभाळाकडं.

साहेब थांबले. "काय म्हणाला हा?"

मामा हात जोडून म्हणाला, "साहेब, नवीन हाय. गावाकडनं आलाय. खळं समजला त्यो."

"खळं म्हणजे?"

मामानं सांगितलं. त्यानं सांगेपर्यंत मी चपला हातात धरून उभा. साहेब मोठ्यानं हसले. मग त्यांनी त्या ग्रीनकडं, म्हणजे भोकाभोवतीच्या त्या गोल हिरवळीकडं, जरा वेळ बघितलं. म्हणाले, "ह्याला पाणी मारायला नको लावूस. उद्यापासून माझी बॅग उचलू दे. निदान एक माणूस तरी ग्रीनवर जपून चालेल."

तिथून सगळं झालं. कॅडी झालो. सोमवारी मैदान बंद असायचं, त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा होती. साहेबांनी जुन्या काठ्या दिल्या, त्यांच्यावरच शिकलो. माझं खास काय होतं तर ग्रीनवरचं ढकलणं. बाकीचे लांब मारायचे, मी जवळ आलो की संपवायचो. कॅडींच्या स्पर्धा जिंकलो, मग व्यावसायिक झालो. दक्षिणेतली एक मोठी स्पर्धाही एकदा जिंकलो. त्या दिवशी मिळालेल्या बक्षिसाच्या पेल्यात काय घालतात हे मला ठाऊक नव्हतं, आमच्या घरात तो बरेच दिवस शेंगांसाठी होता. पुढं उत्तरेत एका ठिकाणी शिकवायची नोकरी मिळाली, तिथंच बिऱ्हाड केलं. अव्वाच्या डोक्यावरचं पत्र्याचं छत जाऊन स्लॅब पडला. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. हे सगळं त्या ढकलण्यावर झालं. म्हणून तर हात कापायला लागला तेव्हा मला वाटलं, पायाखालचंच काहीतरी काढून घेतलंय. मामाही आता नाही, नाहीतर त्याला तरी सांगितलं असतं.

तर मी खळ्याच्या कडेला उभा होतो. खळं सुकलेलं. तूर अजून पडायची होती, पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. मला गुजरातेत जायचं होतं आणि बरेच दिवस सराव नव्हता. आसपासच्या काही कोसांत याच्यासारखी दुसरी सपाट जागा नव्हती. जीव तुटत होता.

पण खळ्यावर खेळ?

अव्वा पाठीमागून म्हणाली, "बघतोय काय नुसता?"

"अव्वा... पूजेच्या आदी... जरा काठी मारून बघू का?"

अक्का म्हणाली, "खळ्यावर? काय बोलायलाय तू?"

अव्वा म्हणाली, "भोक पाडणार न्हाईस न्हवं?"

"न्हाय. तिवड्याला लावतो."

"मग मार. अनवाणी मार."

मी बूट काढले. डिसेंबरातलं सारवण पायाला गार लागलं. पटर काढला, खिशातला चेंडू ठेवला. तिवड्यापासून दोन-अडीच हातांवर. तिवडा चांगला मनगटाएवढा जाड. चुकायचं कसं?

दाजी येऊन उभे राहिले. शेजारचे म्हातारबाही आले. अक्का भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं उभी. म्हणजे, बघा, मी ज्या गोष्टीसाठी पळून आलो होतो ती इथं चौघांसमोर मांडून बसलो होतो.

पटर मागं घेतला. झटका. चेंडू तिवड्याच्या डाव्या अंगानं गेला आणि खळ्याच्या कडेला जाऊन थांबला.

सगळ्यांना वाटलं, पहिला असाच मारतात.

दुसरा. उजव्या अंगानं गेला.

"आमच्या शेळीनं लाथ मारली तरी लागंल की," दाजी म्हणाले.

म्हातारबा म्हणाले, "अरं, लांब मारणाऱ्याला जवळचं दिसत न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो. तिसरा मारला, तोही गेला. मग हसू थांबलं. कारण अव्वा उठून खळ्यात आली होती आणि माझ्या हाताकडं बघत होती.

"एनातो?" तिनं विचारलं. काय झालं रे, म्हणून. "हात कापतोय न्हवं तुजा?"

"न्हाय. थंडी हाय."

"थंडी? तोंडाला घाम फुटलाय की."

मी पटरावर टेकून उभा राहिलो. सांगून टाकलं. वर्ष झालं. कार्ड गेलं. गुजरातेत खेळायचंय, तिथं नाही जमलं तर खेळणं संपलं. बायकोलाही माहीत नाही. हे सगळं मी खाली बघून सांगितलं, खळ्याच्या सारवणाकडं.

दाजी म्हणाले, "मग डाव्यानं मार की." ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच उपाय सुचला होता.

अक्का म्हणाली, "डाक्टरला दाखवलास का?"

"दाखवलं. त्याला काय सापडंना."

म्हातारबा म्हणाले, "नजर लागली असंल."

अव्वानं माझा उजवा हात हातात घेतला. उलटसुलट करून बघितला, गुराचा खूर बघावा तसा. म्हणाली, "न्हाय जमलं तर हिकडं ये. तूर बडवायला हात कापला तरी चालतंय."

पुन्हा सगळे हसले. आणि मी, खरं सांगतो, मी हसलो नाही. अव्वा मला घरी बोलावत होती. जगात माझ्यासाठी एक जागा ठेवली आहे, असं ती सांगत होती. या घरानं मला जाऊ दिलं, मधल्या सगळ्या वर्षांत एकदाही परत मागितलं नाही, आणि आता गरज पडली तर घेऊही म्हणत होतं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर, नको. मला यायचं नाही. मला अजून खेळायचंय. इतके दिवस वाटत होतं मी भितोय ते उपाशी मरायला. ते नव्हतं. मी भीत होतो ते हे सुटायला.

तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती आईच आहे.

"इरली बिडु," ती म्हणाली. असू दे, सोड. मग स्वतःचा हात माझ्यासमोर धरला. तोही थरथरत होता, म्हातारपणानं. "माजाबी कापतोय की. धार काढायला बसलं की जास्तच. म्हस थांबतीय व्हय?"

आणि भाकरी करपायला आली म्हणून अक्काला हाकललं.

त्या संध्याकाळी ऊन असेपर्यंत मी खळ्यावर मारत राहिलो. हात काही थांबला नाही. कधी चेंडू तिवड्याला लागायचा, टक् आवाज व्हायचा आणि म्हातारबा "लागला!" म्हणायचे. कधी बाजूनं जायचा, मग दाजी शेळीची आठवण काढायचे. कुणी तरी माझं चुकणं उघड बघतंय आणि त्यावर बोलतंय, हे वर्षभरात पहिल्यांदा होत होतं. लपवायचं काम संपलं की किती हलकं वाटतं हे मला माहीत नव्हतं. दमलो तेव्हा कळलं, ते दमणं साधं होतं, शेतातून आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी खळ्याची पूजा झाली. तिवड्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, तूर पडली आणि माझं मैदान संपलं. आम्ही चौघांनी काठ्यांनी तूर बडवली. शेंगा फुटल्या की दाणे उडून पायाला लागायचे. मी दोन दिवस जास्त राहिलो. निघताना अव्वानं खूप काही दिलं, धपाटे, हुलग्यांचं पीठ, तुरीचे दाणे, आणि रेल्वेत ते कुठं ठेवायचं यावर दाजींशी वाद घातला.

उत्तरेत पोचलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कंबर धरलेल्या माणसानं कधी चमचा खाली ठेवताना दोन्ही हात वापरलेले बघितले नाहीत मी." म्हणजे तिला माहीत होतं.

गुजरातेत पहिल्या दिवशी सकाळी, सराव करताना, मी कॅडीला बाजूला घेतलं. माझ्यापेक्षा वयानं लहान, बिहारचा, गेली काही वर्षं माझ्याबरोबर. मी हिंदीत म्हणालो, "एक बात बतानी है. मेरा हाथ काँपता है."

तो चेंडू पुसत होता. वर न बघता म्हणाला, "सबको मालूम है, भैया."

"सबको?"

"पूरे साल से. आप मारते हो तो सब दूसरी तरफ़ देखते हैं ना?"

मला एकदम आठवलं. वर्षभर मी जवळचा चेंडू मारायला उभा राहिलो की बरोबरचे खेळाडू पाण्याची बाटली उघडायचे, टोपी सारखी करायचे, झाडाकडं बघायचे. मला वाटायचं, त्यांना माझी पर्वा नाही. ते माझी लाज राखत होते. ज्यांच्याशी मी कार्डासाठी झगडत होतो तेच. त्या सगळ्यांचा मी अजून ऋणी आहे, आणि त्यांना ते सांगितलेलं नाही. कसं सांगणार?

फेरी सुरू झाली. लांबचं मारणं चांगलं होत होतं. ढकलणं जसं होतं तसंच, पण आता मी चेहरा सांभाळत नव्हतो. चुकला की कॅडी म्हणायचा, "गया," आणि आम्ही पुढं. दुसऱ्या दिवशी वारा होता, तिसऱ्या दिवशी मी जवळचे बरेच चुकवले आणि संध्याकाळी खोलीत बसून अव्वाला फोन करावासा वाटला, पण केला नाही. शेवटच्या दिवशी आम्ही गुणफलकाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी शेवटच्या होलवर, म्हणजे शेवटच्या भोकाकडं, येता येता लोकांच्या बोलण्यातून कळलंच. मी रेषेवर होतो. हा होल ठरावीक चार फटक्यांत संपवला तर आत, एक जास्त झाला तर बाहेर.

दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर आलो. तिसरा पटरनं लांबून मारला, चेंडू थांबला तो भोकाच्या हातभर अलीकडं.

हातभर.

बरोबरचा खेळाडू झाडाकडं बघायला लागला. मी त्याला म्हणालो, "देख लो, यार. चलेगा." तो दचकला, हसला आणि मग खरंच बघायला लागला.

मी उभा राहिलो. हात कापत होता. वाटलं होतं, सांगून टाकल्यावर, सगळ्यांना कळल्यावर, निदान शेवटी तरी तो थांबेल. नाही थांबला. उलट जास्त कापला. मी वाट बघितली नाही. पटर मागं घेतला, झटका बसला, चेंडू वाकडा निघाला, भोकाच्या कडेला लागला, कडेनं अर्धा वळसा घेतला आणि आत गेला.

कॅडीनं भोकातून काढून हातात धरलेला झेंडा खाली टाकला. त्यानं तसं करायचं नसतं, पण त्यानं टाकला.

नंतर एका तंबूत आपल्या फटक्यांच्या कार्डावर सही करायची असते. सही केल्याशिवाय धरत नाहीत. टेबलापाशी बसलो, पेन हातात घेतलं आणि हात अजून तसाच होता. सही अशी काही आली की मलाही ती माझी वाटेना. टेबलामागच्या माणसानं कार्ड उचललं, चष्मा वर केला.

"जरा ठीक से कीजिए."

मी तिच्या शेजारी दुसरी केली. तीही तशीच आली. त्यानं दोन्ही बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं, आणि कार्ड बाकीच्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं.